वाक्यरचनेचे औपचारिक व्याकरण कसे लिहावे

औपचारिक व्याकरण म्हणजे काटेकोरपणे मांडलेल्या नियमांचा असा संच की, जो वाचणाऱ्याच्या भाषाज्ञानाचा जराही आधार न घेता, शब्दांची कोणती मालिका वाक्य ठरते आणि त्या वाक्याची अंतर्गत रचना कोणती, हे ठरवून देतो. ‘मराठीत सामान्यतः कर्ता, कर्म आणि क्रियापद असा क्रम असतो’ हे शालेय व्याकरणातील विधान चुकीचे नाही; परंतु त्यातील ‘सामान्यतः’ या शब्दाआड जे काही राहून जाते ते वाचक स्वतःच्या जाणिवेने भरून काढत असतो. औपचारिक व्याकरणात ही उसनवारी चालत नाही. जे नियमांत लिहिलेले नाही, ते व्याकरणाला ठाऊक नाही.

असे व्याकरण दोन प्रकारे चुकते. एक तर भाषेतील योग्य वाक्य त्याच्या कक्षेत येत नाही, किंवा भाषेत नसलेली मालिका ते वाक्य म्हणून स्वीकारते. नवे अभ्यासक पहिल्या चुकीकडे लक्ष देतात आणि दुसरीकडे दुर्लक्ष करतात. आपल्या नियमांतून इष्ट वाक्ये निघाली की काम झाले, असे त्यांना वाटते. वास्तविक व्याकरणाचा कस लागतो तो त्याने काय नाकारले यावरून, आणि पुढील सर्व पायऱ्या हाच निकष डोळ्यांसमोर ठेवून मांडल्या आहेत. उदाहरणे मराठीतील आहेत. रीत कोणत्याही भाषेला लागू पडते.

पहिली पायरी: भाषेचा एक तुकडा निवडणे

संपूर्ण भाषेचे व्याकरण लिहायला बसू नये. एक लहान, स्पष्ट सीमा असलेला तुकडा निवडावा आणि त्या सीमा लिहून ठेवाव्यात. येथे आपण असा तुकडा घेऊ: एकच क्रियापद असलेली, विधानार्थी, होकारार्थी वाक्ये, ज्यांत कर्ता आहे आणि कर्म असू शकते. भाषेचे रूपही ठरवून घ्यावे, कारण ‘बोलावले’ आणि ‘बोलावलं’ ही दोन्ही रूपे एकाच व्याकरणात विनाकारण मिसळली तर पुढे कोणता दोष नियमाचा आणि कोणता लेखनाचा, हे कळेनासे होते.

त्यानंतर दोन याद्या कराव्यात. पहिलीत योग्य वाक्ये आणि दुसरीत अयोग्य. अयोग्य वाक्यापुढे तारांकन करण्याचा भाषाविज्ञानात रूढ संकेत आहे.

मुलगी कादंबरी वाचते.
मुलाने कादंबरी वाचली.
मुलीने लेख वाचला.
शिक्षकाने मुलीला बोलावले.
* मुलगा कादंबरी वाचते.
* मुलाने कादंबरी वाचला.
* शिक्षकाने मुलीला बोलावली.

दुसरी यादी पहिलीइतकीच मोठी असावी. तीतील प्रत्येक वाक्य योग्य वाक्यापासून एकाच बाबतीत वेगळे असेल, तर ते विशेष उपयोगी पडते; कारण व्याकरणाने ते चुकून स्वीकारले तर दोष कोठे आहे हे लगेच दिसते. अनेक ठिकाणी बिघडवलेले वाक्य काहीच शिकवत नाही.

योग्य आणि अयोग्य हा निर्णय रचनेविषयी आहे, अर्थाविषयी नाही. ‘गोल शांतता कपाटाला विसरली’ या वाक्याचा अर्थ लागत नाही, तरीही त्याची रचना निर्दोष आहे आणि ते पहिल्या यादीत जायला हवे. ज्या वाक्यांबाबत भाषकांचे मत विभागलेले असेल ती तिसऱ्या, वेगळ्या यादीत ठेवावीत आणि व्याकरण बऱ्यापैकी उभे राहीपर्यंत त्यांना हात लावू नये.

दुसरी पायरी: पदबंध शोधणे

वाक्य म्हणजे शब्दांची नुसती रांग नव्हे. काही शब्द एकत्र येऊन गट करतात आणि ते गट मिळून मोठे गट होतात. लेनर्ड ब्लूमफील्ड यांच्या १९३३ मधील ग्रंथापासून अमेरिकन भाषाविज्ञानात वाक्याचे लगतचे घटक पाडण्याची ही पद्धत रुजली. गट कोणता हे अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी कसोट्या आहेत.

पहिली कसोटी बदलीची. ‘जुन्या कपाटाची किल्ली हरवली’ यात ‘जुन्या कपाटाची किल्ली’ ऐवजी ‘ती’ ठेवता येते, म्हणून तो एक गट. ‘जुन्या कपाटाची’ ऐवजी ‘त्याची’ ठेवता येते, म्हणून तोही एक गट. ‘कपाटाची किल्ली’ एवढ्याच भागाऐवजी मात्र एक सर्वनाम ठेवून पाहावे: ‘जुन्या ती हरवली’ असे होते आणि ते चालत नाही. दुसरी कसोटी स्थलांतराची: जो भाग वाक्यात अखंडपणे दुसरीकडे नेता येतो, तो बहुधा गट असतो. तिसरी कसोटी जोडणीची: ‘आणि’ने समान दर्जाचे गट जोडले जातात. एका कसोटीवर विसंबू नये. किमान दोन कसोट्यांचा कौल एकच असेल तेव्हाच तो गट नियमात आणावा.

मराठीत आणखी एक साधन आपोआप हाती येते, ते सामान्यरूपाचे. ‘जुन्या कपाटाची किल्ली’ आणि ‘कपाटाची जुनी किल्ली’ यांत जुने काय आहे हे विशेषणाचे रूपच सांगते. परंतु ‘लाल कपाटाची किल्ली’ असे म्हटले की ते साधन निकामी होते, कारण ‘लाल’ हे विशेषण विकार पावत नाही. कपाट लाल की किल्ली लाल, हे शब्दांच्या रांगेवरून ठरत नाही. दोन रचना संभवतात आणि चांगल्या व्याकरणाने दोन्ही द्याव्यात. हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण पुढे चाचणीसाठी ते फार कामाचे आहे.

तिसरी पायरी: पुनर्लेखन नियम लिहिणे

संदर्भमुक्त व्याकरणाचे चार भाग असतात: अंत्य चिन्हे, म्हणजे प्रत्यक्ष शब्द, अनंत्य चिन्हे, म्हणजे गटांची नावे, त्यांतील एक आरंभचिन्ह, आणि एका गटाच्या जागी काय लिहिता येईल हे सांगणारे पुनर्लेखन नियम. बाणाच्या डाव्या बाजूला नेहमी एकच अनंत्य चिन्ह असते आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे हे नियम विचारत नाही, म्हणून या व्याकरणाला संदर्भमुक्त म्हणतात.

वाक्य → नामपदबंध क्रियापदबंध
क्रियापदबंध → क्रियापद
क्रियापदबंध → नामपदबंध क्रियापद
नामपदबंध → नाम
नामपदबंध → विशेषण नामपदबंध
नामपदबंध → षष्ठीपदबंध नामपदबंध
षष्ठीपदबंध → नामपदबंध षष्ठीप्रत्यय

शेवटच्या नियमात एक निर्णय दडला आहे. ‘कपाटाची’ हा लेखनात एकच शब्द असला तरी येथे ‘कपाटा’ आणि ‘ची’ हे दोन घटक मानले आहेत. माझ्या मते मराठीसाठी हाच मार्ग योग्य आहे, कारण विभक्तीचा प्रत्यय एकट्या नामाला नव्हे, तर संपूर्ण पदबंधाला लागतो. ‘मुलगा आणि मुलगी यांनी लेख वाचला’ या वाक्यात ‘नी’ हा प्रत्यय ‘यां’वर एकदाच येतो आणि दोघांनाही लागू होतो. प्रत्यय नामाच्या पोटात बंद करून ठेवला, तर ही वस्तुस्थिती नियमात मांडायला जागाच उरत नाही.

आता एक वाक्य हाताने सिद्ध करून पाहावे. ‘वाक्य’ या चिन्हापासून सुरुवात करून प्रत्येक ओळीत एकच चिन्ह बदलावे:

वाक्य
नामपदबंध क्रियापदबंध
नाम क्रियापदबंध
मुलगी क्रियापदबंध
मुलगी नामपदबंध क्रियापद
मुलगी नाम क्रियापद
मुलगी कादंबरी क्रियापद
मुलगी कादंबरी वाचते

हीच रचना कंसांत अशी लिहितात: [वाक्य [नामपदबंध मुलगी] [क्रियापदबंध [नामपदबंध कादंबरी] [क्रियापद वाचते]]]. कंसांची मांडणी आणि झाडासारखी आकृती यांत माहितीच्या दृष्टीने फरक नाही. आकृती डोळ्यांना सोयीची आणि कंस फाइलीत साठवायला सोयीचे. सिद्धीच्या ओळींचा क्रम बदलला तरी चालते, झाड तेच राहते. दोन वेगळी झाडे निघाली तरच वाक्याला दोन रचना आहेत असे म्हणावे.

इतके नियम खरोखर लागतात का?

एक स्वाभाविक शंका येथे येते. शब्दामागून शब्द कोणता येऊ शकतो एवढे सांगणारा, मर्यादित अवस्थांचा (म्हणजे आतापर्यंत काय आले याच्या ठरावीक नोंदींचा) साधा आराखडा पुरणार नाही का? नोम चॉम्स्की यांनी १९५६ मधील लेखात भाषावर्णनाची तीन प्रतिमाने तपासली, त्यांत हे पहिले होते. दुसरे पदबंधरचनेचे आणि तिसरे रचनांतरणाचे, म्हणजे एका रचनेतील घटक हलवून दुसरी रचना मिळवण्याचे. पहिले अपुरे पडते याचे कारण असे की, वाक्यात परस्परांवर अवलंबून असलेल्या जोड्या एकमेकींच्या पोटात येऊ शकतात. ‘जर’ला ‘तर’ हवा आणि ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ हवे: ‘जर जेव्हा गाडी येईल तेव्हा दार उघडे असेल, तर आपण आत जाऊ.’ येथे आतली जोडी पूर्ण झाल्याशिवाय बाहेरची पूर्ण होत नाही. अशी गुंतवण किती खोल जाऊ शकते यावर व्याकरणाने मर्यादा घातली नाही, तर बाहेर किती आणि कोणते शब्द वाट पाहत आहेत हे लक्षात ठेवायला अवस्थांची कोणतीही ठरावीक संख्या पुरत नाही. प्रत्यक्ष बोलताना माणूस दोन-तीन पातळ्यांपलीकडे जात नाही, हे खरे. पण ती स्मरणशक्तीची मर्यादा आहे आणि ती रचनेच्या नियमात मिसळू नये, ही चॉम्स्की यांची भूमिका मला पटते.

पदबंधनियमांना हे सहज जमते, कारण नियम स्वतःलाच पुन्हा बोलावू शकतो. आपल्या सात नियमांतील ‘नामपदबंध’ उजवीकडेही येतो, म्हणून त्यांतून अगणित वाक्ये निघतात. तुकडा वाढवताना ‘क्रियापदबंध → उक्तिक्रियापद की वाक्य’ हा एकच नियम घातला, की ‘मुलगा म्हणाला की मुलगी म्हणाली की…’ अशी कितीही लांब साखळी होते.

चौथी पायरी: अतिरिक्त वाक्ये छाटणे

आता दुसरी यादी काढावी. वरील नियम ‘मुलगा कादंबरी वाचते’ हे वाक्य विनातक्रार स्वीकारतात. अन्वयाचा त्यांना पत्ताच नाही. व्याकरण लिहिणाऱ्याचे खरे काम येथे सुरू होते, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे चिन्हे फोडणे: पुल्लिंगी एकवचनी तृतीयपुरुषी नामपदबंध, स्त्रीलिंगी एकवचनी तृतीयपुरुषी नामपदबंध, आणि असेच पुढे. तीन लिंगे, दोन वचने आणि तीन पुरुष यांचे अठरा मेळ होतात. त्यांत सरळरूप आणि सामान्यरूप हा भेद धरला की छत्तीस. म्हणजे नामपदबंधाविषयीचा प्रत्येक नियम छत्तीस वेळा लिहावा लागेल आणि ‘क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते’ ही एकच गोष्ट त्या यादीत कोठेही सांगितलेली नसेल. उत्तरे बरोबर येतील, पण वर्णन हरवेल.

म्हणून चिन्हांना लक्षणे जोडावीत. नियम असा होतो:

वाक्य → नामपदबंध[लिंग: क, वचन: ख, पुरुष: ग] क्रियापदबंध[लिंग: क, वचन: ख, पुरुष: ग]

दोन्हीकडे एकच अक्षर असल्यामुळे दोन्ही मूल्ये जुळलीच पाहिजेत. जुळवण्याच्या या क्रियेला एकीकरण म्हणतात. लक्षणांच्या मूल्यांची संख्या मर्यादित असेल, तर असे व्याकरण संदर्भमुक्तच राहते, कारण ते केव्हाही फोडून लिहिता येते. जेराल्ड गॅझ्डर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेले सामान्यीकृत पदबंधरचना व्याकरण याच विश्वासावर उभे होते.

लक्षणांचा परिणाम किती मोठा असतो, हे ‘लाल कपाटाच्या कुलपाची किल्ली’ या पदबंधावर पाहता येते. आपले मूळ सात नियम त्याला पाच झाडे देतात: लाल असलेली वस्तू आणि ‘कपाटाच्या’चे विशेष्य यांच्या सर्व शक्य जुळण्या. आता षष्ठीच्या प्रत्ययाने विशेष्याशी जुळले पाहिजे आणि विशेष्य सामान्यरूपात असेल तर ‘च्या’ आलेच पाहिजे, एवढे लक्षण घालावे. ‘कपाटाच्या’ हे रूप ‘किल्ली’कडे जाऊ शकत नाही, त्यासाठी ‘कपाटाची’ हवे होते. म्हणून पाचांपैकी दोन झाडे गळतात आणि तीन राहतात. या तिन्ही रचना खऱ्या आहेत, कारण कपाट, कुलूप किंवा किल्ली यांपैकी काहीही लाल असू शकते. ‘लाल’च्या जागी ‘जुन्या’ घातले की किल्लीशी त्याचा मेळ बसत नाही आणि दोनच उरतात. पाच, तीन, दोन हे आकडे व्याकरणाकडून अचूक आले, तर पदबंधाचे नियम भक्कम आहेत असे समजायला हरकत नाही.

यानंतर भूतकाळ घ्यावा, कारण मराठीच्या प्रयोगव्यवस्थेत अन्वयाचा सगळा पेच येतो. प्राथमिक नियम असा मांडता येतो: कर्ता प्रत्ययरहित असेल तर क्रियापद कर्त्याशी जुळते, कर्ता प्रत्यययुक्त असून कर्म प्रत्ययरहित असेल तर कर्माशी जुळते, दोघेही प्रत्यययुक्त असतील तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहते. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तिन्ही प्रयोग एका वाक्यात बसले. नियम देखणा आहे, पण त्याला लगेच तीन ठिकाणी ताण द्यावा.

पहिला ताण: ‘मी कादंबरी वाचली.’ ‘मी’ला कोणताही प्रत्यय दिसत नाही, तरीही क्रियापद कर्माशी जुळले आहे. बोलणारा पुरुष असला तरी ‘वाचली’ हेच रूप येते. म्हणजे विभक्ती हे लक्षण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रत्ययावरून ठरवता येत नाही. ‘मी’ आणि ‘तू’ यांची प्रथमा आणि तृतीया दिसायला एकच आहे, असे शब्दसंग्रहात, म्हणजे प्रत्येक शब्दाची लक्षणे देणाऱ्या यादीत, नोंदवावे लागते. पारंपरिक मराठी व्याकरणांतही ‘मी’ हे रूप दोन्ही विभक्तींत दिलेले आढळते, आणि त्यामागचे कारण येथे स्पष्ट होते.

दुसरा ताण: ‘मुलगी धडा शिकली’, ‘मुलगा वही विसरला.’ क्रियापदे सकर्मक आहेत, काळ भूत आहे, तरी प्रयोग कर्तरी. हा अपवाद नियमात घुसवू नये. शिकणे, विसरणे अशा मोजक्या क्रियापदांच्या नोंदीतच ‘भूतकाळी कर्ता प्रथमेत’ असे लक्षण द्यावे. जे शब्दाचे वैशिष्ट्य आहे ते शब्दसंग्रहात आणि जे रचनेचे आहे ते नियमांत, ही वाटणी सुरुवातीपासून पाळली तर व्याकरण वाढताना विस्कटत नाही.

तिसरा ताण सर्वांत मनोरंजक आहे: ‘तू कादंबरी वाचलीस’, ‘तू लेख वाचलास.’ येथे ‘ली’ आणि ‘ला’ कर्माच्या लिंगाशी जुळतात, तर शेवटचा ‘स’ कर्त्याच्या पुरुषाशी. एकच क्रियापद एकाच वेळी दोघांशी अन्वय साधते. ज्याने अन्वय म्हणून एकच लक्षणसमूह ठेवला असेल त्याचे व्याकरण येथे मोडते. उपाय असा की, क्रियापदाच्या नोंदीत दोन स्वतंत्र समूह ठेवावेत:

वाचलीस: [कर्ता: [विभक्ती: तृतीया, पुरुष: द्वितीय, वचन: एक], कर्म: [प्रत्यय: नाही, लिंग: स्त्री, वचन: एक]]

कर्माचा समूह क्रियापदबंधाच्या आतच जुळवून संपतो. कर्त्याचा समूह क्रियापदबंधावर चढतो आणि वाक्याच्या नियमात कर्त्याशी जुळतो. ही सोय केली की आधीच्या सर्व वाक्यांना ती विनासायास लागू पडते.

पाचवी पायरी: शब्दक्रमाचा प्रश्न आणि प्रतिमानाची निवड

‘मुलीने कादंबरी वाचली’, ‘कादंबरी मुलीने वाचली’, ‘वाचली मुलीने कादंबरी’ या सर्व रचना मराठीत चालतात; भर बदलतो, नाते बदलत नाही. आपल्या नियमांना यांतील पहिलीच ठाऊक आहे. तीन घटकांचे सहा क्रम वेगवेगळ्या नियमांनी लिहिता येतील. परंतु चौथा घटक आला की चोवीस होतात, आणि शिवाय ‘कर्म आणि क्रियापद मिळून एक गट’ ही आपली मूळ कल्पनाच कर्ता मध्ये आल्यावर तुटते.

येथून वाटा फुटतात. चॉम्स्की यांच्या तिसऱ्या प्रतिमानात एक मूळ रचना मानून तीतील घटक रचनांतरणाने हलवले जातात. वर्णनाला ते सोयीचे आहे; पण निर्बंध न घातलेली रचनांतरणे फार बलवान असतात. १९७३ मध्ये स्टॅन्ली पीटर्स आणि रॉबर्ट रिची यांनी दाखवले की, तत्कालीन रचनांतरण व्याकरणाची ताकद ट्युरिंग यंत्राइतकी (संगणकाच्या सैद्धांतिक प्रतिमानाइतकी) होते, म्हणजे ते जवळजवळ काहीही वर्णन करू शकते. काहीही वर्णन करू शकणारे प्रतिमान मानवी भाषा कशी असू शकत नाही याविषयी मौन पाळते. जोन ब्रेझनन आणि रोनाल्ड कॅप्लन यांच्या शब्दकार्यलक्षी व्याकरणात घटकांची बाह्य मांडणी आणि कर्ता-कर्मादी नाती हे दोन स्वतंत्र थर ठेवलेले असल्यामुळे मुक्त क्रमाच्या भाषा त्यात चांगल्या बसतात.

दुसरी वाट अवलंबनाची. ल्युसियाँ तेन्येर यांचा या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत पदबंध नसतातच. प्रत्येक शब्द दुसऱ्या एका शब्दावर अवलंबून असतो आणि सर्वांचे मूळ क्रियापदात असते. ‘मुलीने’ आणि ‘कादंबरी’ दोन्ही ‘वाचली’वर अवलंबून, त्यांना कर्ता आणि कर्म अशी नावे. शब्द कोणत्याही क्रमाने आले तरी ही आकृती बदलत नाही.

मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही, कारण पाणिनीची कारकव्यवस्था, म्हणजे नामांची क्रियेशी असलेली नाती सांगणारी मांडणी, हीच दृष्टी बाळगते. त्यातही अष्टाध्यायीतील ‘अनभिहिते’ (२.३.१) या अधिकारसूत्राकडे (पुढील सूत्रांनाही लागू राहणाऱ्या सूत्राकडे) औपचारिक व्याकरण लिहिणाऱ्याने अवश्य पाहावे. पुढे येणाऱ्या कारकविभक्ती, उदाहरणार्थ कर्माची द्वितीया किंवा कर्ता आणि करण यांची तृतीया, ते कारक अन्य मार्गाने, मुख्यतः क्रियापदाच्या प्रत्ययाने, आधीच सांगितले गेले नसेल तरच लागतात. क्रियापदाने ज्याला सांगितले ते प्रथमेत राहते. आपण चौथ्या पायरीवर प्रयोगांसाठी तीन शाखांचा नियम लिहिला, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे: क्रियापदाचा अन्वय आणि नामाची विभक्ती हे दोन स्वतंत्र नियम नसून एकाच वाटणीच्या दोन बाजू आहेत. भारतीय भाषांच्या संगणकीय विश्लेषणात या चौकटीचा प्रत्यक्ष वापर झालेला आहे.

निवड कशी करावी? नामपदबंधाची आतील वीण, सामान्यरूप आणि षष्ठीच्या साखळ्या यांचे वर्णन करायचे असेल तर लक्षणयुक्त पदबंधनियम घ्यावेत. कोणी कोणाला काय केले ही नाती आणि मुक्त क्रम हा विषय असेल तर अवलंबन घ्यावे. दोन्ही हवे असल्यास पदबंधाच्या आत पदबंधनियम आणि वाक्याच्या पातळीवर अवलंबन, अशी जोडही चालते. मराठीच्या बाबतीत मला हीच सर्वांत फलदायी वाटते.

सहावी पायरी: यंत्राकडून तपासणी

वीस-पंचवीस नियमांनंतर हाताने सिद्धी करणे भरवशाचे राहत नाही, म्हणून पार्सर, म्हणजे नियमांनुसार वाक्याची झाडे काढून देणारा संगणकीय प्रोग्राम, वापरावा. पायथन या संगणकभाषेतील एनएलटीके या तयार साधनांच्या संग्रहात संदर्भमुक्त आणि लक्षणयुक्त अशा दोन्ही व्याकरणांची सोय आहे. शब्द देवनागरीत अवतरणचिन्हांत ठेवावेत, परंतु गटांची नावे रोमन अक्षरांत ठेवणे सुरक्षित, कारण पायथनच्या नेहमीच्या शब्दजुळणीत (मजकुरातील शब्द ओळखण्याच्या सोयीत) काना, मात्रा आणि वेलांट्या अक्षरांत मोजल्या जात नाहीत. त्याच कारणाने वाक्याचे शब्द पाडताना तयार शब्दजुळणी न वापरता मोकळ्या जागेवर तोडावे. अन्यथा ‘किल्ली’चे तुकडे होतात.

पार्सरचा प्रकार निवडताना मराठीच्या घडणीकडे पाहावे. विशेषक विशेष्याच्या आधी येतो, त्यामुळे नामपदबंध शोधायला षष्ठीपदबंध लागतो आणि षष्ठीपदबंधाची सुरुवात पुन्हा नामपदबंधानेच होते. वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जाणारा साधा पार्सर या फेऱ्यात अडकतो आणि कधीच बाहेर येत नाही. संगणकशास्त्रज्ञ जे अर्ली यांची १९७० मधील रीत असा फेरा ओळखते आणि नियम कोणत्याही रूपात असले तरी चालवून घेते, म्हणून सुरुवात तिने करावी. कॉक, यंगर आणि कासामी यांच्या नावाने ओळखली जाणारी तक्त्याची रीतही उत्तम आहे. मात्र तिच्यासाठी प्रत्येक नियमाच्या उजवीकडे दोन गट किंवा एक शब्द असेच रूप आधी करून घ्यावे लागते. दोन्हींत सर्वांत वाईट परिस्थितीत लागणारा वेळ शब्दसंख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: वाक्य दुप्पट लांब, तर वेळ आठपट.

चाचणीच्या फाइलीत प्रत्येक वाक्यासमोर झाडांची अपेक्षित संख्या लिहावी. अयोग्य वाक्यासमोर शून्य, साध्या वाक्यासमोर एक, ‘लाल कपाटाची किल्ली हरवली’ यासमोर दोन. नियम बदलला की संपूर्ण फाइल पुन्हा चालवावी. एखाद्या वाक्याची झाडे अचानक वाढली, तर नव्या नियमाने जुन्या नियमाचेच काम दुसऱ्या वाटेने केले आहे, असा बहुधा अर्थ असतो.

संदर्भमुक्त व्याकरणाची हद्द

लक्षणयुक्त पदबंधनियमांनी पुष्कळ लांब जाता येते, पण त्यांना हद्द आहे. १९८५ मध्ये स्टुअर्ट शीबर यांनी स्विस जर्मन भाषेतील अशी वाक्ये दाखवली, ज्यांत नामे एका क्रमाने आणि त्यांची क्रियापदे त्याच क्रमाने येतात, नाती एकमेकांना छेदतात आणि प्रत्येक क्रियापद आपल्या नामाची विभक्ती ठरवते. पोटात पोट अशी रचना संदर्भमुक्त व्याकरणाला जमते, ही छेदणारी जमत नाही. अशा रचनांसाठी थोडीच अधिक ताकद पुरते, हे अरविंद जोशी यांच्या कार्याचे मोठे फलित. त्यांनी लिऑन लेव्ही आणि मासाको ताकाहाशी यांच्यासह १९७५ मध्ये वृक्षजोड व्याकरण मांडले, ज्यात नियमांऐवजी लहान झाडे असतात आणि एक झाड दुसऱ्याच्या मध्यभागी घालता येते. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: त्याच्या रूढ पार्सरमध्ये वाक्य दुप्पट झाले की वेळ चौसष्टपट होऊ शकतो. म्हणून आपल्या तुकड्यात अशी वाक्ये प्रत्यक्ष सापडल्याशिवाय त्या प्रतिमानाकडे वळू नये.

पहिला तुकडा सर्व चाचण्यांत उतरला, की पुढचा तुकडा म्हणून ‘जो–तो’च्या जोडवाक्यांकडे जावे: ‘जी मुलगी कादंबरी वाचते ती लेख लिहिते.’ नियम लिहिण्याआधी येथेही दोन याद्या कराव्यात आणि त्यांत चार गोष्टींचे नमुने असावेत: ‘जी’ आणि ‘ती’ यांचे लिंग-वचन जुळते पण विभक्ती वेगळी असू शकते, जसे ‘ज्या मुलीने लेख वाचला ती गेली’, ‘जी’चे उपवाक्य मुख्य वाक्याच्या आधी तसेच नंतरही येते, एकाच वाक्यात ‘जो’च्या दोन जोड्या येऊ शकतात, जसे ‘ज्याने जे मागितले त्याला ते मिळाले’, आणि ‘ती’ गाळली तर काही वाक्ये टिकतात, काही पडतात. यांतील तिसऱ्या नमुन्यात ‘ज्याने’ची जोडी ‘त्याला’शी आणि ‘जे’ची ‘ते’शी आहे, म्हणजे नाती एकमेकांना छेदतात. तेथे लिंग-वचनाच्या लक्षणांवर काम भागते का, हे आधी कागदावर तपासावे आणि मगच पार्सरकडे जावे.